संपत्ती, काळ आणि बॅटमॅनचा विवेक

बॅटमॅन या अमेरिकन चित्रकथानायकाविषयी दोन प्रश्न सातत्याने विचारले जातात. जोकर या प्रतिनायकाने असंख्य माणसे मारली आहेत आणि मनोरुग्णालयातून निसटताच तो आणखी मारणार हे उघड आहे. मग बॅटमॅन त्याला ठार का करत नाही, हा पहिला प्रश्न. गॉथम या काल्पनिक शहरातील सर्वांत धनाढ्य घराण्याचा वारस असलेला ब्रूस वेन आपली संपत्ती शाळा, घरे आणि रोजगार यांच्या कामी न लावता रात्री मुखवटा चढवून गल्लीबोळांतील गुन्हेगारांना झोडपत का फिरतो, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी अपेक्षा एकच आहे : नायकाने केलेल्या निवडी विवेकाला पटल्या पाहिजेत.

हे प्रश्न अप्रस्तुत ठरवून बाजूला सारण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. वटवाघळाचा वेष करून छपरांवरून उड्या मारणाऱ्या माणसाच्या बाबतीत विवेकाची चौकशी कसली करायची, असे म्हणता येईल. परंतु हा युक्तिवाद टिकणारा नाही. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त शक्य परंतु असंभाव्य असलेल्यापेक्षा अशक्य परंतु संभाव्य असलेल्याला अधिक पसंती दिली, ती नेमकी याच कारणासाठी. वेष, गुहा, वाहन, शस्त्रे हे सारे वाचक एका संकेताच्या बळावर मान्य करतो. तथापि संकेत मान्य केल्यानंतर त्या जगातील माणसे जे ठरवतात त्याची संगती मागण्याचा आपला हक्क तो सोडून देत नाही. क्षेमेंद्राच्या परिभाषेत सांगायचे तर प्रश्न वास्तवतेचा नसून औचित्याचा आहे, आणि औचित्याची अपेक्षा अद्भुताच्या क्षेत्रातही रद्द होत नाही.

असे असले तरी प्रश्न विचारणाऱ्यांच्या आणि त्यांना उत्तरे देणाऱ्यांच्या विचारात एक घोटाळा असतो. 'का' हा शब्द ते एकाच अर्थाने वापरतात. कथनात्म साहित्यात पात्राच्या कृतीविषयीचा 'का' दुहेरी असतो. त्याचे एक उत्तर पात्राच्या स्वभावात, पूर्वानुभवात आणि परिस्थितीत सापडते. दुसरे कथनाच्या रचनेत असते. अमुक एक घडले नाही तर कथा पुढे जाऊ शकणार नाही, म्हणून ते घडते. रचनेच्या गरजेला कथेअंतर्गत कारणाचा पोशाख चढवण्याच्या या क्रियेकडे रशियन रूपवाद्यांनी लक्ष वेधले होते. समीक्षेला त्यापुढचा प्रश्न विचारावा लागतो. हा पोशाख नुसताच वर घातलेला आहे, की रचनेची गरज कथेच्या अंगात मुरून तिचा आशय बनली आहे? बॅटमॅनच्या संदर्भात या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की वर उल्लेखिलेले दोन प्रश्न एकाच जातीचे नाहीत. पहिल्याच्या बाबतीत रचनेची गरज कालांतराने खरोखरीचा नैतिक आशय झाली आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ती झालेली नाही, आणि ती का झाली नाही याचे उत्तर नायकाच्या स्वभावात न शोधता या कथनप्रकाराच्या काळाशी असलेल्या नात्यात शोधावे लागते.

'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या मे १९३९ च्या २७व्या अंकात बॅटमॅन प्रथम अवतरला, तेव्हा माणूस मारण्याविषयी त्याला कसलाच संकोच नव्हता. त्या पहिल्याच कथेत खलपुरुष त्याच्या ठोशाने आम्लाच्या हौदात पडतो आणि नायक त्याचे समाधानच व्यक्त करतो. १९४० च्या वसंतात निघालेल्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकातही तो विमानातून मशीनगन चालवतो. मनुष्यहत्येचा आपल्याला तिटकारा आहे एवढे म्हणतो आणि गोळ्या झाडतो. याच अंकात जोकरने प्रवेश केला. त्याच्या दोन कथा या अंकात होत्या आणि दुसरीच्या शेवटी, झटापटीत स्वतःचाच सुरा छातीत घुसून, तो मरणार होता. मूळ योजना तशी होती. परंतु असा प्रतिनायक एका अंकात गमावणे परवडणारे नाही हे संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ओळखले आणि एक चौकट वाढवण्यात आली : रुग्णवाहिकेतील डॉक्टर जोकर जगेल असे सांगत आहेत. नायकाने बंदूक वापरू नये आणि माणूस मारू नये हा दंडकही पुढे एल्सवर्थ यांनीच घालून दिला.

तेव्हा 'बॅटमॅन जोकरला का मारत नाही' या प्रश्नाचे ऐतिहासिक उत्तर अगदी साधे आहे. जोकर जगतो कारण पुढचा अंक निघायचा आहे. नायक मारत नाही कारण त्याचे वाचक मुले आहेत आणि प्रकाशकाला पालकांची धास्ती आहे. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आले, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. त्यानंतर तर हा दंडक प्रकाशनव्यवसायाच्या सुरक्षिततेचाच भाग झाला. येथवर नैतिकता कोठेही नाही. केवळ व्यवहार आहे.

परंतु साहित्यकृतीचा उगम सांगितला म्हणजे तिचा अर्थ सांगितला असे होत नाही. संपादकाने बाहेरून घातलेली अट नंतरच्या लेखकांना वारशाने मिळाली आणि त्यांनी तिला आतून भिडण्याचा प्रयत्न केला. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. १९८८-८९ मधील 'अ डेथ इन द फॅमिली' ही कथामाला याचे विलक्षण उदाहरण आहे. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा याचा निर्णय प्रकाशकांनी वाचकांवर सोपवला आणि त्यासाठी दोन दूरध्वनी क्रमांक दिले. ५,३४३ विरुद्ध ५,२७१ अशा मतांनी, म्हणजे अवघ्या ७२ मतांच्या फरकाने, मुलगा मेला. जोकरने त्याला मारले. आता नायकाने सूड घेऊ नये यासाठी काय करायचे? कथाकाराने जोकरला इराणचा संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी केले आणि राजनैतिक संरक्षणाचे कवच त्याच्याभोवती उभे केले. रचनेची गरज कथेत मुळीच न मुरता इतकी उघडी क्वचितच पडली असेल. वाचकाला हसू येते ते प्रतिनायकाच्या विनोदाने येत नाही. कथाकाराची धडपड दिसते म्हणून येते. (चिमूटभर मतांनी मुलाचा बळी घेणाऱ्या वाचकवर्गानेच पुढे बॅटमॅनला निष्क्रियतेबद्दल जाब विचारावा, हेही मौजेचे आहे.)

याच्या उलट टोकाला फ्रँक मिलर यांची 'द डार्क नाइट रिटर्न्स' ही १९८६ ची चार भागांतील कथा आहे. येथे नायक पंचावन्न वर्षांचा आहे. जोकरला जिवंत ठेवून आपण किती मृत्यूंना कारण झालो याचा हिशेब त्याने स्वतःच मांडला आहे. म्हणजे वाचकाचा आक्षेप नायकाच्या मुखी आला आहे. तिसऱ्या भागात तो जोकरची मान मुरगळतो, परंतु शेवटचा हिसका देऊ शकत नाही. उरलेले काम जोकर स्वतःच हसत पुरे करतो, जेणेकरून खुनाचा आळ बॅटमॅनवर यावा. दंडक पाळला जातो आणि तरी त्याचे फळ मिळत नाही, कारण जगाच्या दृष्टीने तो मोडलेलाच आहे. नियम पाळणे आणि निर्दोष असणे यांतील अंतर या प्रसंगाने जितके दाखवले तितके कोणत्याही युक्तिवादाने दाखवता आले नसते.

जड विंनिक यांनी २००५-०६ मध्ये लिहिलेल्या 'अंडर द हूड'मध्ये मेलेला जेसन टॉड परत येतो आणि सरळ विचारतो : बाकी कोणाला नाही, पण मला मारणाऱ्याला तू जिवंत का ठेवलेस? बॅटमॅनचे उत्तर महत्त्वाचे आहे. मारणे कठीण आहे म्हणून नव्हे, तर ते फार सोपे आहे म्हणून आपण मारत नाही. एकदा त्या वाटेने गेलो तर परतता येणार नाही, असे तो सांगतो. परिणामांची गोळाबेरीज करणाऱ्याला हे उत्तर पटणार नाही. एका माणसाच्या मनःशुद्धीसाठी शेकडोंचे प्राण गहाण ठेवायचे काय, हा त्याचा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. परंतु उत्तर पटणे आणि उत्तर त्या माणसाचे असणे या भिन्न गोष्टी आहेत. कोणत्याही कायद्याने ज्याला अधिकार दिलेला नाही, त्या स्वयंघोषित न्यायकर्त्याने स्वतःला घातलेली एकमेव मर्यादा म्हणजे हा दंडक होय. तो ओलांडला तर त्याच्यात आणि ज्यांचा तो पाठलाग करतो त्यांच्यात फरक उरत नाही, अशी त्याची भीती आहे. ती भीती गैरलागू ठरवण्यासारखे त्याच्या चरित्रात काही नाही. शिवाय जोकरला फाशी न देणारी न्यायसंस्था आणि त्याला कोंडून ठेवू न शकणारे रुग्णालय यांचा दोष एका माणसाच्या माथी मारणे, हीच मुळात त्या माणसाकडे अमर्याद अधिकार सोपवण्याची मागणी ठरते. निवड चुकीची असेल. ती विसंगत नाही. व्यवसायाच्या गरजेतून जन्मलेला नियम साडेसहा दशकांत शोकात्म आशय होऊ शकला, ही लोकप्रिय साहित्याच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

संपत्तीच्या बाबतीत असे घडले नाही.

नायकाची उगमकथा 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या नोव्हेंबर १९३९ च्या ३३व्या अंकात दोन पानांत सांगितली गेली. आईबापांचा भर रस्त्यात खून, मेणबत्तीच्या उजेडात मुलाने घेतलेली शपथ, विज्ञानाचा अभ्यास, शरीराची कमाई, आणि मग दिवाणखान्यात बसलेला तरुण : वडिलांच्या मिळकतीमुळे आपण श्रीमंत आहोत, तयारीही झाली आहे, आता फक्त वेष हवा. तेवढ्यात खिडकीतून वटवाघूळ आत येते. संपत्तीला या कथेत एक वाक्य मिळाले आहे. ती कोठून आली, कोणाच्या श्रमातून साठली, या शहराशी तिचे नाते काय, याविषयी अक्षर नाही. ती आहे, एवढेच. ज्या बिल फिंगर यांच्या हातून या आरंभीच्या बहुतेक कथा उतरल्या ते केन यांच्याशी ओळख झाली त्या सुमारास बुटांच्या दुकानात विक्रेत्याचे काम करत होते, आणि सहनिर्माते म्हणून त्यांचे नाव छापले जाण्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. फिंगर १९७४ मध्येच वारले होते. श्रमाविषयीचे मौन संहितेत जितके गाढ आहे तितकेच तिच्या निर्मितीतही होते.

हे मौन आरंभी खटकत नाही, त्याला कारण आहे. १९३९ चा ब्रूस वेन एका जुन्या परंपरेतला आहे. बॅरोनेस ऑर्झी यांचा 'स्कार्लेट पिंपर्नेल' (कादंबरी १९०५) आणि जॉन्स्टन मॅककली यांचा झोरो (१९१९) हे दोघेही दिवसा निरुद्योगी, किंचित मंद सरदार आणि वेळ येताच पराक्रमी वीर असतात. या परंपरेत धन म्हणजे सत्ता नसून फुरसत होय. नायकाला पोटासाठी काम करावे लागत नाही, म्हणून तो रात्री मोकळा असतो. आणि ऐदी दिसतो, म्हणून त्याचा संशय येत नाही. श्रीमंती हा मुखवट्याचाच एक थर आहे. अशा श्रीमंतीला हिशेब विचारायचा नसतो, जसा परीकथेतील राजपुत्राच्या राज्याचा महसूल विचारायचा नसतो.

पुढे मात्र कथाकारांनीच हिशेबवह्या उघडल्या. निरुद्योगी वारसाचा उद्योगपती झाला. त्याच्या नावाची कंपनी आली, संचालक मंडळ आले, भागधारक आले. क्रिस्टोफर नोलन यांच्या २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स' चित्रपटात तर नायकाचे वाहन आणि चिलखत कंपनीच्या संशोधन विभागातून येते. एवढी सामग्री कोठून मिळते, या शंकेचे समाधान करणे हा त्यामागचा उद्देश. पण एक शंका मिटवताना दुसरी मोठी उभी राहिली. ज्याच्याकडे लष्कराला पुरवठा करू शकेल इतकी उत्पादनशक्ती आहे, जो शहरातील हजारोंचा मालक आहे, त्याने शहराच्या दुःखावर शोधलेला उपाय मात्र मुष्टियुद्ध हा असावा? संभाव्यता वाढवण्याच्या प्रयत्नातूनच असंभाव्यता उघडी पडली. दुसरा प्रश्न आज इतक्या हिरिरीने विचारला जातो याचे श्रेय वाचकांच्या वाढत्या सामाजिक जाणिवेला देण्याची रीत आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, परंतु वास्तववादाच्या या हव्यासाचाही त्यात मोठा वाटा आहे.

उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या प्रश्नाची मांडणी फार आधी करून ठेवली होती. अमर्याद सामर्थ्य असलेला हा नायक जगाची भूक मिटवू शकेल, पण तो आपल्या छोट्याशा गावात दरोडे थांबवत बसतो. या कथांत दुरित म्हणजे खाजगी मालमत्तेवरचा हल्ला आणि सत्कृत्य म्हणजे दानधर्म. नागरिक म्हणून असावी ती जाणीव त्याच्यात पुरेपूर आहे, राजकीय जाणीव मात्र नाही, असे एको दाखवतात. याच निबंधात त्यांनी या कथांतील काळाचाही विचार केला आहे. नायकाने केलेली प्रत्येक कृती त्याला मृत्यूच्या दिशेने एक पाऊल नेते; नायक झिजू नये यासाठी कथा स्वप्नासारख्या, भूत-भविष्य विसरलेल्या काळात ठेवावी लागते. पुष्कळ अभ्यासकांनी एकोंचे हे दोन विचार स्वतंत्रपणे वापरले आहेत. बॅटमॅनच्या बाबतीत त्यांना एकत्र आणल्याशिवाय गत्यंतर नाही. सुपरमॅनजवळ सामर्थ्य आहे, ते क्षणात काम करते. बॅटमॅनजवळ पैसा आहे, आणि पैसा क्षणात काम करत नाही.

शाळा काढली तर तिचे फळ दिसायला पंधरा-वीस वर्षे लागतात. वस्ती वसवली तर ती वसायला एक पिढी जाते. गुन्हेगारीच्या मुळाशी जाणारा कोणताही उपाय घेतला तरी त्याला काळ लागतो, आणि या कथनप्रकारापाशी नेमका काळच नाही. महिन्यामागून महिने अंक निघतात, पण गॉथममध्ये पंधरा वर्षे उलटत नाहीत. वेनने आज काढलेल्या शाळेतून कोणीही कधीही उत्तीर्ण होणार नाही. ठोसा चौकटीत मावतो. शिष्यवृत्ती मावत नाही. म्हणून वेन दानधर्म करत नाही हा आक्षेप तसा चुकीचा आहे : तो करतो, वेन प्रतिष्ठानचा उल्लेख कित्येक कथांत येतो, पण तो पार्श्वभूमीवर रंगवलेल्या इमारतीसारखा, ज्याने काहीही बदलत नाही. नायक संपत्तीचा उपयोग करत नसून कथा तो होऊ देत नाही.

या विधानाची परीक्षा घेता येईल. हे खरे असेल तर ज्या थोड्या संहितांत काळाला शिरकाव मिळाला त्यांत संपत्तीचाही प्रश्न हलला पाहिजे. आणि तसे दिसते. डिसेंबर १९६९ च्या 'बॅटमॅन' २१७ मध्ये फ्रँक रॉबिन्स यांच्या कथेत पहिला रॉबिन, डिक ग्रेसन, महाविद्यालयात शिकायला निघून जातो. म्हणजे जवळजवळ तीन दशके मुलगा राहिलेला मुलगा अखेर मोठा होतो. त्याच कथेत वेन आपला वाडा बंद करून शहराच्या मध्यभागी राहायला येतो आणि गुन्ह्यांना बळी पडलेल्यांना अर्थसाहाय्य करणारी योजना सुरू करतो. दोन्ही गोष्टी एकाच अंकात घडाव्यात हा योगायोग नव्हे. हळूहळू ती योजना कथांतून विरून गेली, वाडाही पुन्हा उघडला, आणि नायक आपल्या वयासह जागच्या जागी राहिला.

त्यानंतरच्या काळात या प्रश्नाला टाळण्याच्या दोन युक्त्या रूढ झालेल्या दिसतात. पहिली, दान करून पाहिले पण ते नासले, असे दाखवण्याची. २००५ च्या चित्रपटात वडील थॉमस वेन यांनी शहरासाठी उभारलेली रेल्वे शेवटी विध्वंसाचे साधन होते. मॅट रीव्ह्ज यांच्या २०२२ च्या 'द बॅटमॅन'मध्ये थॉमस वेन यांनी जाहीर केलेला पुनरुज्जीवन निधी त्यांच्यामागे गुन्हेगार आणि भ्रष्ट अधिकारी यांची थैली बनतो. हा दुसरा दाखला अधिक सकस आहे, कारण निधीकडे लक्ष न दिल्याबद्दल मुलगा अप्रत्यक्षपणे दोषी ठरतो आणि मुखवट्याआडचा संताप म्हणजे जबाबदारीपासून पळ काढणेही असू शकते, अशी शंका चित्रपट जागी करतो. पण केवळ जागी करतो. शहराची भिंत फुटते, पूर येतो, आणि पैशाचा प्रश्न पाण्याखाली जातो.

दुसरी युक्ती संपत्तीच काढून घेण्याची आहे. जेम्स टिनियन यांच्या २०२० मधील 'जोकर वॉर' या कथेत जोकर वेनची संपत्ती बळकावतो. ती परत मिळते तरी वेनच्या हाती पूर्वीसारखी राहत नाही आणि तो वाडा सोडून शहरातील साध्या घरात राहू लागतो. ऐंशी वर्षे ज्या गोष्टीवर नायकाचे अस्तित्व अवलंबून आहे असे समजले जात होते ती गेली. आणि काय बदलले? वाहन थोडे साधे झाले, गुहा लहान झाली. बॅटमॅन तसाच राहिला. कथेतून एखादी गोष्ट वजा केल्यावर कथा जशीच्या तशी उरत असेल, तर ती गोष्ट कथेचा आशय कधी झालीच नव्हती असे म्हणावे लागते. जोकरच्या बाबतीत अशी वजाबाकी करून पाहावी, म्हणजे फरक लक्षात येईल.

'द डार्क नाइट रिटर्न्स'कडे या ठिकाणी पुन्हा वळणे आवश्यक आहे. म्हातारपण येऊ दिलेला हा नायक आहे. काळाला दार उघडताच या संहितेत दोन्ही गाठी सुटतात : जोकर मरतो आणि संपत्ती संपते. वाडा भस्मसात होतो, पैसा नाहीसा झाल्याचे जाहीर होते, ब्रूस वेन मेल्याचे जग मानते, आणि जमिनीखाली पोरांचे एक दल घेऊन म्हातारा चोर आणि खुन्यांहून वाईट अशा गोष्टींनी ग्रासलेल्या जगाकडे वळण्याची तयारी करतो. एको ज्याला राजकीय जाणीव म्हणतात तिचा उदय येथे झाला आहे, हे नाकारता येत नाही. मात्र मिलर यांनी तिला दिलेले रूप शाळेचे नसून सैन्याचे आहे. संपत्तीचे रूपांतर लोकांच्या हक्कांत न होता शिस्तीत होते. या संहितेवर झालेला हुकूमशाही वृत्तीचा आरोप त्यामुळे सहज पुसता येण्यासारखा नाही. पण तो आरोप करता येतो याचाच अर्थ असा, की येथे नायकाची निवड प्रथमच चर्चा करण्याजोगी, म्हणजे खरीखुरी राजकीय निवड झाली आहे.

मिलर यांनीच लिहिलेल्या आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी चितारलेल्या 'इयर वन'मध्ये (१९८७) काळ आणखी निराळ्या रीतीने येतो. ही कथा रोजनिशीसारखी तारखा देत चालते. ४ जानेवारीला दोन माणसे गॉथममध्ये येतात : परदेशातून परतलेला वारस आणि बदलीवर आलेला पोलीस अधिकारी जिम गॉर्डन. एका प्रकरणात बॅटमॅन शहराचे सत्ताधारी आणि गुन्हेगारीचे म्होरके एकत्र जेवत असताना भिंत फोडून आत येतो आणि तुम्ही या शहराला खाल्ले आहे, तुमची मेजवानी आता संपत आली, असा इशारा देऊन जातो. प्रसंग चित्ररचनेच्या दृष्टीने अप्रतिम आहे. परंतु एरवी याच वर्तुळात ब्रूस वेन पाहुणा म्हणून शोभला असता, ही गोष्ट संहितेला जाणवत नाही. वारसाच्या वर्षात केवळ रात्री आहेत. गॉर्डनच्या वर्षात मात्र पगार आहे, कोंदट घर आहे, गरोदर पत्नी आहे, तिच्याशी झालेली प्रतारणा आहे, वरिष्ठांची धमकी आहे, आणि अशा शहरात मूल जन्माला घालावे काय ही चिंता आहे. ज्याला महिनाअखेर माहीत आहे त्यालाच या कथेत कॅलेंडर मिळाले आहे; चांगल्या निवडीची किंमतही त्यालाच मोजावी लागते. कथेचे नाव बॅटमॅनचे आहे, पण ती गॉर्डनची आहे हे अनेकांनी म्हटलेले खरेच आहे.

त्या कथेच्या शेवटी गॉर्डनचे तान्हे मूल पुलावरून खाली पडते आणि मुखवटा न घातलेला ब्रूस वेन उडी टाकून त्याला वाचवतो. त्या मुलाला नंतरच्या कथांत बराच काळ फारसे स्थान नव्हते. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या 'द ब्लॅक मिरर' या कथामालेत स्कॉट स्नायडर यांनी त्याला परत आणले. तेव्हा तो मोठा झालेला, शांत बोलणारा खुनी आहे, आणि त्याच्यासमोर बॅटमॅनच्या वेषात ब्रूस वेन नसून डिक ग्रेसन आहे. गॉर्डन वृद्ध झाले आहेत. पुलाचा प्रसंग पुन्हा येतो. वाचवलेल्या मुलाचे पुढे काय झाले हा प्रश्न या शहरात इतक्या गांभीर्याने क्वचितच विचारला गेला असेल, आणि तो विचारला जात असताना त्याला वाचवणारा धनाढ्य माणूस कथेत जवळजवळ अनुपस्थित आहे.